म्हाताऱ्याचं घर, तुझं घर आणि मागचं दार

श्री,

त्या सकाळी ऊन तुझ्या पांघरुणावर आलं होतं आणि तू उठला नव्हतास. तेव्हाच मला कळायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात सूर्याने तुला अंथरुणात गाठलंय असं कधी झालं नव्हतं. तो तुझ्या त्या अमेरिकन म्हाताऱ्याचा नेम होता आणि तू तो उचललास. इथे आखातात, बिन महमूद भागातल्या या फ्लॅटमध्ये पलंगही त्याच्यासारखाच लावलास. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पडदा आणि पडद्यापलीकडे तुझं ड्रॉइंगचं टेबल. मला न उठवता उठता यावं आणि थेट कामाला बसता यावं म्हणून. मला जाग यायची तेव्हा पडद्याआड दिवा असायचा आणि पेन्सिलीचा आवाज. त्या दिवशी आवाज नव्हता. मला वाटलं, शुक्रवार आहे, झोपू दे एक दिवस. मी चहा टाकला. दोघांचा टाकला.

तुला नाशिकला पोचवून मी परवा इथे परत आले. घर आवरायला. माझा इथला परवाना तुझ्या नोकरीला बांधलेला. तू गेलास म्हणजे मीही गेलेच. कंपनीतला तो एचआरचा मुलगा फार अदबीने बोलतो, “टेक युअर टाइम, मॅडम” म्हणतो, आणि मग पुढची तारीख सांगतो. त्याचं काही चुकत नाही. पण मला कोणावर तरी ओरडायचं आहे रे. आजवर ती सोय घरात होती.

तू आणि तुझा तो म्हातारा! लोकांच्या घरात देवाचा फोटो असतो, नाहीतर शिवाजी महाराजांचा. आपल्या घरात अमेरिकेचा एक जुना पुढारी. त्यांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा जाहीरनामा लिहिणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. तरुणपणी कंपनीने तुला ट्रेनिंगला पाठवलं, एका रविवारी कोणीतरी बसमध्ये घालून त्याचं टेकडीवरचं घर दाखवलं, आणि तू जो खुळावलास तो खुळावलासच. येताना माझ्यासाठी परफ्यूम आणशील असं वाटलं होतं. तू आणलंस एक छोटं नाणं. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला त्याचं घर. “मीना, विचार कर, नाण्यावर लढाई नाही, सिंहासन नाही, राहतं घर आहे.” मी त्याचं नाव घ्यायचं टाकलं ते तेव्हापासून. सासऱ्यांचं नाव घेऊ नये असं आपल्यात म्हणतात ना, तसं थोरले सासरे समजून मी त्याला म्हातारा म्हणायला लागले. आणि आपली गार्गी लहानपणी तिच्या शाळेत सांगून आली की तिला नाशिकचा एक आजोबा आहे आणि अमेरिकेचा एक.

म्हाताऱ्याच्या घराची गोष्ट तू प्रत्येक पाहुण्याला सांगितलीस. पोराने वयात आल्याबरोबर टेकडी सपाट करून घर बांधायला घेतलं. परदेशात राहून आला, तिथली घरं पाहिली, आणि परतल्यावर आपलंच अर्धं घर पाडून नव्याने बांधलं. निम्मं आयुष्य विटा आणि चुन्यात राहिला. जिने अरुंद केले, कारण मोठा जिना म्हणजे जागेची नासाडी. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा इतका राबता झाला की शेवटी दूर रानात आठ कोनांचं दुसरं घर बांधलं आणि तिथे पळून जायला लागला. इथवर आलास की तू माझ्याकडे बघायचास आणि म्हणायचास, “आमचं समैस्मा.”

शुक्रवारी सकाळी समुद्रकाठच्या समैस्मा गावी जाणं हे आपलं दुसरं घर. फ्लास्कमध्ये करक चहा, डब्यात थालीपीठ. ओहोटीला पाणी इतकं मागे जायचं की तू पँट वर करून चालत राहायचास आणि मी ओरडायचे, “अरे, पुरे! पलीकडच्या देशात जाशील!” तिथली प्रत्येक नवी व्हिला तू नापास केलीस. घरातही तुझी बांधकामाच्या साइटची भाषा. नकाशा पाठवला की कन्सल्टंट कोड देतो: ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेरे मारून मंजूर, सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. माझ्या वांग्याच्या भाजीला तू कोड बी द्यायचास. मी तुझ्या शर्टाला सी द्यायचे. गार्गीने तिचा तो पहिला मित्र घरी आणला, तेव्हा तो बाहेर पडेपर्यंत तू तोंड दाबून बसलास, आणि दार लागताच आपण दोघं एकदम म्हणालो, “सी!” पोरगी केवढी चिडली होती. आता आठवलं की हसू येतं आणि मी ते तुला सांगायला वळते.

नाशिकला मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेला, आपला प्लॉट. तोही तू मुद्दाम टेकाडावरचा घेतलास. चढ पाहून रिक्षावाला परत फिरतो, पण तुला टेकडी हवी होती. आखातातली माणसं गावी घर बांधतात, कुलूप लावतात, सोफ्यावरचं प्लास्टिक न काढता वर्षातून दोन आठवडे राहतात. तू तसं करणार नव्हतास. तुझं घर म्हणजे राहायचं घर. म्हणून ते कधी पुरंच होईना. दर सुट्टीत काहीतरी पाडायचं आणि नव्याने काढायचं. खैरनार, आपला कॉन्ट्रॅक्टर, फोनवर म्हणायचा, “साहेब, आता तरी हा नकाशा फायनल समजू ना?” तू म्हणायचास, “इन्शाल्ला.” त्या बिचाऱ्याला पहिल्यांदा वाटलं की साहेब हो म्हणतायत.

आणि मग ते दार. ते भांडण आपण पुरं केलं नाही, श्री.

तुझ्या म्हाताऱ्याच्या जेवणघरात म्हणे एक फिरतं दार होतं. त्याला फळ्या ठोकलेल्या. पलीकडून कोणीतरी ताटं ठेवायचं, दार फिरवलं की ताटं आत. ठेवणारा दिसायचा नाही. तू किती कौतुकाने सांगितलंस, हातांनी दार फिरवून दाखवलंस. मी विचारलं, “ठेवणारं कोण होतं?” तू म्हणालास, “नोकर.” मी म्हटलं, “नोकर की गुलाम?” मग तू चहा ढवळत बसलास. सगळी माणसं समान आहेत असं ज्याने लिहिलं, त्याच्या घराखालून भुयारासारखी वाट होती आणि त्याने विकत घेतलेली माणसं तिथून ये-जा करायची, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. हे मला तू सांगितलं नाहीस. मी शोधून वाचलं.

आणि त्यानंतर तू नाशिकच्या घराचा नकाशा पुढे ठेवलास. पुढे अष्टकोनी प्रवेश. दारातून आत आलं की भिंत, मग वळायचं, मग पुन्हा वळायचं आणि मग हॉल. “घर एकदम दिसू नये, हळूहळू उलगडावं.” बरं, उलगडू दे. पण मागे स्वयंपाकघराला एक चिंचोळं दार काढलेलं, त्याला बाहेरून वेगळी वाट. मी विचारलं, हे कशाला? “कामवाल्या बाईंना. पुढून धुणं-भांडी कशाला?”

मी लाल पेनाने मोठ्ठा सी काढला. तुला आठवतंय. किती वेळा काढला ते मीही विसरले. मी म्हटलं, माझ्या घरात जो येईल तो माझ्याच दाराने येईल. तू म्हणालास, व्यवहार बघ. मी म्हटलं, दिवसभर साइटवर हेल्मेट घालून माणसांना उन्हापासून सांभाळतोस, घरी येऊन त्यांच्यासाठी बोळ काढतोस? हे तुला फार लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. त्या शुक्रवारी समैस्माला जाईपर्यंत गाडीत तू रेडिओसुद्धा लावला नाहीस. तिथे पाण्यात उभं राहून म्हणालास, “त्याने लिहिलं आणि पाळलं नाही, कबूल. पण त्याने लिहिलंच नसतं तर तू आज भांडली कशावरून असतीस?”

उत्तर मला घरी आल्यावर भांडी घासताना सुचलं, आणि मी ओल्या हातांनी पडद्यापाशी येऊन सांगितलं, “ज्याला सुचलंच नाही त्याला एकवेळ माफ करता येतं. ज्याला सुचलं, त्याला कसं करू?” तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालास, “यल्ला, चल, झोप आता. उद्या बोलू.”

काही दिवसांनी नवा नकाशा आला. अष्टकोन तसाच, वळणं तशीच. पण मागचं दार दोन झडपांचं, पुढच्यापेक्षाही रुंद, आणि थेट रस्त्यावरून सरळ वाट. जिथे बदल केला त्याभोवती तुम्ही लोक ढग काढता ना, तसा ढग काढलेला, आणि खाली बारीक अक्षरात ‘मीनाचं तत्त्व’. वर मला चिडवलंस, “घ्या. आता या दाराने हत्ती येईल. द्या कोड ए.”

मी बी दिला. म्हटलं, पुढचं दारही सरळ कर, मग ए. तू म्हणालास, बघू पुढच्या रिव्हिजनला. तोवर खैरनारने ते तसंच बांधलं.

हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर आपली सगळी मंडळी आली होती. मराठी मंडळातले, ऑफिसातले, गार्गीच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. गार्गी टोरांटोहून पोचली होती आणि माझा हात सोडत नव्हती. तुझ्या साइटवरची माणसं एका बसमधून आली आणि गेटपाशीच थांबली. टोप्या हातात घेऊन उभी. आपले लोक पुढे, ते मागे, कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसं झालं होतं. मला तुझा नकाशाच दिसला तिथे. मी गेले आणि म्हटलं, “आप लोग पीछे क्यों? आगे आइए.” त्यातला एक वयस्कर मेस्त्री म्हणाला, “मॅडम, साब बोलते थे आपके बारे में. बोलते थे, घर में मेरा कन्सल्टंट बहुत कड़क है.” मग ते पुढे आले. पेटी गाडीत चढवताना त्यांचे हात होते. हे तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून सांगितलं.

पुढचं सांगू नये असं वाटतं. पण दुसऱ्या कोणाला सांगू?

मुंबईहून ॲम्ब्युलन्स नाशिकला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. तुझी इच्छा मला माहीत होती, पहिला मुक्काम तुझ्या घरात. खैरनारने फरशी पुसून घेतली होती, हॉलमधल्या फर्निचरच्या पुठ्ठ्यांवर चादर टाकली होती. त्या पेट्या किती लांब आणि उंच असतात ते इथे गाडीत चढवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. भावजींनी आणि पोरांनी पेटी उचलली, पुढच्या दारातून आत नेली, आणि पहिल्याच वळणावर ती अडली.

अडली, श्री. पुढे जाईना, मागे येईना. कोणी म्हणालं, उभी करा. कोणी म्हणालं, तिरकी करा. मी किंचाळले, “तिरकी करायची नाही!” कोणी म्हणालं, इथेच बाहेर उघडू आणि तसंच आत नेऊ. रस्त्यावर, उन्हात, सगळ्या वस्तीसमोर? मी नको म्हटलं. भिंतीचा नवा रंग पेटीच्या कोपऱ्याला लागत होता. तू आयुष्यभर मोजमापं केलीस. या दाराने कोण कोण येईल, त्याचं सामान येईल, पियानोसुद्धा येईल की नाही ते मोजलंस, आपल्याकडे पियानो नसताना. तू स्वतः कसा येशील ते नाही मोजलंस. कोण मोजतं म्हणा.

खैरनार भिंतीला हात लावून माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं आणि मलाही. शेवटी मीच म्हटलं, “मागून घ्या.”

मागून तू सरळ आत गेलास. कुठे धक्का लागला नाही. गॅस जोडायचा बाकी असलेल्या स्वयंपाकघरातून, जिथून बाईंनी भांडी घासायला यावं असं तुझ्या मनात होतं, तिथून. भांडण मी जिंकले. असं कोणी जिंकतं का रे? मला नको होतं ते जिंकणं. ते दार चिंचोळं ठेव, माझा सी फाडून टाक, चार दिवस गप्प बस, पण तू चालत ये, पुढच्या दाराने, वळून वळून, तुला हवं तसं उलगडत.

इथे परत आल्यापासून मी तुझी पुस्तकं खोक्यात भरतेय आणि मध्येच वाचत बसतेय. तुझी गोष्ट नेहमी म्हाताऱ्याच्या मरणापाशी संपायची. पुढे काय झालं ते तू कधीच सांगितलं नाहीस. मी आता वाचलं. घर त्याच्या मुलीला ठेवता आलं नाही. ती ते सोडून गेली, परके लोक राहायला आले. आणि त्या फिरत्या दारापलीकडची माणसं, त्यांना एकेक करून विकलं. माय एकीकडे, लेकरू दुसरीकडे. तुला हे माहीत होतं. त्या पानावर तुझी पेन्सिलीची रेघ आहे. मला का नाही सांगितलंस? मी आणखी भांडेन म्हणून? की तुलाही ते सहन होत नव्हतं? हे तरी विचारायचं होतं. आता कोणाला विचारू?

गार्गी जाताना म्हणाली, “आई, प्लीज सेल इट. इट्स जस्ट अ हाउस. कम लिव्ह विथ मी.” मी म्हटलं, “अगं, बाबाचं घर आहे.” ती म्हणाली, “बाबा इज नॉट देअर, आई.” आणि मग मराठीत, जे ती सहसा बोलत नाही, “तू एकटी काय करशील तिथे?” खरंच, काय करीन? तो चढ मला चढवत नाही. त्या घरात तुझ्याशिवाय एकही दिवस काढलेला नाही, तुझ्याबरोबरही धड काढलेला नाही. हा फ्लॅट माझं घर होता, हा भाड्याचा, खाली शावरमाचा वास येणारा, आणि हा काढून घेतायत. तिकडचं घर तुझं आहे आणि तू त्यात नाहीस. मी कुठे जाऊ, श्री? एवढं एकच सांग. दोन घरं काढलीस, नाही, तीन धरू, समैस्मासकट, आणि मला बसायला एक कोपरा उरला नाही.

काल खैरनारचा फोन आला. चाचरत बोलला, “ताई, एक गिऱ्हाईक आहे. घर आवडलंय त्यांना, टेकडी आवडलीय. पण पुढची ती आठ कोनांची भानगड पाडून सरळ दार करणार म्हणतात. नाहीतर... तुम्हीच राहणार असाल, तरी मी म्हणतो, पाडून टाकू. त्या दिवशी जे झालं ते... माझा जीव राहत नाही हो ताई.”

मी थोडा वेळ मागितला. टेबलाशी आले. पडदा मी काढून टाकलाय, त्यामुळे आता पलंगावरून टेबल दिसतं आणि टेबलावरून पलंग. तुझा शेवटचा नकाशा पसरलेलाच होता. मी बघत बसले. ते वळण खरं तर सुंदर आहे रे. मी कधी म्हटलं नाही. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन त्या कोनांवरून कसं आत येईल ते तू पेन्सिलीने छटा देऊन दाखवलं होतंस, आणि मी ते पाहिलं होतं, आणि तरीही बी दिला. कारण ए दिला असता तर तू पुन्हा सादर काय करणार होतास?

मी खैरनारला फोन केला. म्हटलं, “विकायचं नाही. मी येतेय राहायला.”

“आणि पुढची भिंत?”

“पाडायची नाही. साहेबांचं दार जसं आहे तसं राहील. ऊन येईल तिकडून. माणसं मागून येतील. तुम्ही, मी, भाजीवाली, गार्गी, सगळी. नावाची पाटी मागच्या दाराला लावा.”

तो म्हणाला, “बरं, ताई.” आणि मग म्हणाला, “गॅस जोडून ठेवतो.”

पाटी इथेच आहे, तू इथल्या सूक बाजारातून करून घेतलेली, पितळेची, मी सामानात सगळ्यात खाली साड्यांमध्ये ठेवलीय. ती पुढच्या दारासाठी होती, मला माहीत आहे. म्हणून रीतसर करतेय. नकाशावर मागच्या दाराभोवती मी ढग काढलाय. तुझ्यासारखा जमला नाही, बटाट्यासारखा झालाय. बाजूला लिहिलं, ‘पाटी इथे’. आणि तुझ्या खुर्चीसमोर तुझ्याकडे तोंड करून ठेवलाय.

आता तू बघ. ए देऊ नकोस, मागत नाही. पाटी चुकीच्या दाराला लागतेय, चूक दाखव. आरडाओरडा कर. सी दे, श्री. म्हणजे मला पुन्हा सादर करावं लागेल.